किनाऱ्याला लागलेला तुकडा रॉकेटचा आहे का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वादळ होऊन गेलं की किंवा मोठी भरती ओसरली की किनाऱ्यावर काहीतरी अनोळखी पडलेलं दिसतं. कुणीतरी त्याचा फोटो पाठवतं आणि विचारतं, हे रॉकेटचं आहे का? त्यातले पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. तुकडा या क्षणी समोर असेल तर प्रश्न २ आणि प्रश्न ७ तेवढे आधी वाचा. बाकीचं सावकाश वाचलं तरी चालेल.

१. रॉकेट तर आकाशात जातं. त्याचा तुकडा किनाऱ्यावर कसा येतो?

जमिनीवरून उठलेल्या रॉकेटचा फार थोडा भाग कक्षेत पोहोचतो. इंधन संपलं की रिकामा टप्पा सुटून खाली पडतो आणि पुढचा टप्पा पेटतो. हवा अगदी विरळ झाली की उपग्रहाभोवतीचं कवच, म्हणजे फेअरिंग, दोन फाकांत उघडतं आणि तेही पडतं. हे सगळं वस्तीवर पडू नये म्हणून पुष्कळशी प्रक्षेपण केंद्रं समुद्राच्या कडेला बांधलेली असतात. टप्पे कुठल्या पट्ट्यात पडणार हे आधी ठरलेलं असतं आणि तो पट्टा टाळण्याची सूचना जहाजांना आणि विमानांना उड्डाणाआधी जाते. पडलेल्यातलं बरंच तळाला जातं. जे तरंगतं ते प्रवाह आणि वारा नेतील तिकडे जातं, कधी दुसऱ्या खंडापर्यंत.

२. मला आत्ताच असा तुकडा सापडलाय. आधी काय करू?

लांब उभे राहा आणि लहान मुलांना व कुत्र्यांना जवळ जाऊ देऊ नका. वाऱ्याच्या दिशेकडे लक्ष द्या. वारा तुकड्यावरून तुमच्याकडे येत असेल तर दुसऱ्या बाजूला जा. लांबूनच फोटो काढा, फोनवर जागेची नोंद करा आणि पोलिसांना किंवा तटरक्षक दलाला कळवा. मग भरतीची वेळ बघा. पुढच्या भरतीला तुकडा परत पाण्यात जाईल असं वाटत असेल तर फोन करतानाच तसं सांगा, म्हणजे येणारे लोक लवकर निघतील. स्वतः ओढून वर आणायचा मोह आवरा. कारण पुढच्या उत्तरात आहे.

३. इतके दिवस पाण्यात भिजलेल्या वस्तूत धोका कसला राहणार?

बहुतेक तुकड्यांत खरंच काही नसतं. पण ज्यात असतं ते बाहेरून ओळखू येत नाही, म्हणून सगळ्यांनाच सारखं वागवायचं.

उपग्रहांत आणि काही टप्प्यांत हायड्रॅझिन किंवा त्याच्या जातीचं इंधन असतं. त्याला अमोनियासारखा वास येतो आणि ते अतिशय विषारी असतं. त्याच्या जोडीला वापरलं जाणारं नायट्रोजन टेट्रॉक्साइड तांबूस-तपकिरी धूर सोडतं. बंद टाकीत, झडपेत किंवा वाकलेल्या नळीत यातलं थोडं अडकून राहू शकतं. वास येतोय का हे जवळ जाऊन तपासू नका. दुसरा धोका न फुटलेल्या स्फोटकांचा. टप्पे वेगळे करायला स्फोटक बोल्ट असतात आणि रॉकेट भरकटलं तर ते हवेतच फोडायला स्फोटक पट्ट्या बसवलेल्या असतात. तिसरा धोका वायूच्या टाकीत उरलेल्या दाबाचा. आणि फुटलेल्या कार्बन फायबरची कड तर दिसते त्याहून फार वाईट असते. त्याच्या कुसळासारख्या काड्या हातमोज्यातूनही आत शिरतात आणि सहज निघत नाहीत.

४. सगळ्यात जास्त काय वाहून येतं?

फेअरिंगचे तुकडे. दोन पातळ पत्र्यांच्या मध्ये मधाच्या पोळ्यासारखी षटकोनी जाळी, अशी त्यांची बांधणी असते. जाळीतल्या हवेमुळे ते फळीसारखे तरंगतात. त्याखालोखाल येतात कार्बन फायबर गुंडाळलेल्या दाबटाक्या (प्रश्न ६), दोन टप्प्यांना जोडणारी कडी आणि घन इंधनाच्या मोटरची हलक्या धाग्यांची कवचं. इंजिनं क्वचितच येतात, कारण ती बुडतात.

मोटरच्या कवचाचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. जुलै २०२३ मध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ग्रीन हेडजवळच्या किनाऱ्यावर माणसापेक्षा उंच, तांबूस रंगाचा एक मोठा पिंप वाळूत आला. एका बाजूने फुटलेला, अंगभर बार्नेकल, म्हणजे तरंगत्या वस्तूंना आणि दगडांना चिकटून राहणारे कवचवाले छोटे समुद्री जीव, चिकटलेले. पोलिसांनी तो घातक समजून भोवती पहारा ठेवला. तपासणीत लोकांना धोका नाही असं निघालं. लोकांचा पहिला तर्क २०१४ मध्ये हरवलेल्या मलेशियाच्या एमएच३७० या प्रवासी विमानाचा होता. ३१ जुलैला ऑस्ट्रेलियन स्पेस एजन्सीने सांगितलं की हा बहुधा भारताच्या पीएसएलव्ही रॉकेटचा तिसरा टप्पा आहे, आणि इस्रोनेही ते मान्य केलं. पीएसएलव्हीचा तिसरा टप्पा घन इंधनाचा असतो आणि त्याच्या मोटरचं कवच धातूचं नसतं, केव्लारच्या जातीच्या धाग्यांचं असतं. पोलादी असतं तर ते तळाला गेलं असतं.

५. हे रॉकेटचंच आहे, बोटीचं किंवा विमानाचं नाही, हे कसं ओळखायचं?

कड बघा. सगळे आधी रंग आणि आकार बघतात, पण खरी माहिती फुटलेल्या कडेत असते. एका फेअरिंगच्या तुकड्याची कड मी भिंगाखाली बघितली आहे. वर आणि खाली नखाएवढ्या जाडीचा काळा थर, त्यात धाग्यांची कापडासारखी वीण स्पष्ट दिसत होती. मधे चांदीसारखी षटकोनी घरं रांगेने उभी होती. काही घरं चेपली होती, काहींत वाळूचे कण घट्ट बसले होते आणि एका घरात चिमुकला खेकडा राहत होता. अशी कड दिसली की आपण अवकाशाच्या किंवा विमानाच्या सामानाजवळ आलो, एवढं नक्की.

बोटीच्या कवचात काचधागा असतो. तो पांढरट-हिरवट दिसतो, वीण अस्ताव्यस्त असते आणि बाहेर चकचकीत रंगाचा जाड थर असतो. शीतपेटीच्या कंटेनरची भिंत फुटली तर पत्र्यांमध्ये पिवळसर फोम दिसतो. पवनचक्कीच्या पात्याच्या पोटात हलकं लाकूड किंवा फोम असतो. धातूचा तुकडा असेल तर तो उलटा करून बघायचं काम तज्ज्ञांना करू द्या. आतल्या बाजूला अखंड ॲल्युमिनियममधून कोरून काढलेली त्रिकोणांची किंवा चौकोनांची नक्षी असेल तर ती रॉकेटच्या टाकीची भिंत असण्याची शक्यता खूप मोठी. वजन वाचवायला भिंतीतला नको तो धातू कोरून काढतात, त्यातून ही नक्षी उरते.

विमानाशी गल्लत मात्र होते, कारण विमानातही तीच जाळी वापरतात. बिजागऱ्या, जवळजवळ बसवलेल्या बारीक रिव्हेटांच्या लांब रांगा आणि पंखासारखी निमुळती होत जाणारी कड दिसली तर विमानाची शक्यता धरा. अशा वेळी कळवायला एक तासही लावू नका. त्या तुकड्याच्या बातमीकडे डोळे लावून बसलेली माणसं कुठेतरी असू शकतात.

६. मोठा गोळा सापडलाय. उपग्रहाची टाकी आहे का?

असू शकते, पण समुद्रात गोल वस्तू खूप असतात. फेब्रुवारी २०२३ मध्ये जपानच्या हामामात्सुच्या किनाऱ्यावर सुमारे दीड मीटर व्यासाचा लोखंडी गोळा आला. किनारा बंद करून तपासणी झाली तेव्हा तो आतून पोकळ निघाला. त्यावर दोरी किंवा साखळी अडकवायची दोन कडी होती आणि अंगावर गंज. ही दोन्ही लक्षणं बोयाची, म्हणजे समुद्रात खूण म्हणून किंवा बोट बांधायला ठेवलेल्या तरंगत्या पिंपाची आहेत.

रॉकेटच्या गोल टाक्या बहुतेक याहून लहान असतात. एक प्रकार उघड्या टायटॅनियमचा: राखाडी, बिलकूल न गंजलेला, मधोमध वेल्डिंगची एक रेघ आणि टोकाला नळी जोडायची छोटी तोटी. टायटॅनियम १६६८ अंश सेल्सिअसला वितळतं आणि ॲल्युमिनियम ६६० अंशांनाच. त्यामुळे कक्षेतून परत येताना बाकी सगळं जळून गेलं तरी हे गोळे खाली पोहोचतात. दुसरा प्रकार काळ्या धाग्यांनी लोकरीच्या गुंड्यासारखा गुंडाळलेला, लांबट किंवा गोल. वरचा धागा सुटून लोंबत असेल तर ओळख सोपी होते. दोन्हींच्या बाबतीत आत दाब आहे असंच धरून चाला.

७. त्यावर शंख-शिंपले आणि शेवाळ चिकटलंय. साफ करून फोटो पाठवू का?

नाही. कृपा करून नाही. सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. लोक चांगल्या हेतूने तुकडा घासूनपुसून चकचकीत करतात आणि मग फोटो पाठवतात. तोपर्यंत तो किती दिवस आणि कुठल्या पाण्यातून आला, हे सांगणारी खूण कचऱ्यात गेलेली असते.

देठावर लोंबणारे, पांढऱ्या चोचीसारखे जे बार्नेकल असतात ते तरंगत्या वस्तूंवर वाढतात. लाटेबरोबर हलणाऱ्या लाकडावर, बोयावर, रॉकेटच्या कवचावर. त्यातल्या सगळ्यात मोठ्याची लांबी मोजली की वस्तू निदान किती काळ तरंगत होती याचा अंदाज बांधता येतो. पाणी गरम असेल तर ते भराभर वाढतात, म्हणून नुसती लांबी पुरत नाही, कुठली जात आहे तेही बघावं लागतं. त्यांच्या शिंपल्यात तर थरागणिक पाण्याच्या तापमानाची रासायनिक नोंद होत जाते. जुलै २०१५ मध्ये रियुनियन बेटावर एमएच३७० च्या पंखाचा भाग मिळाला, तेव्हा संशोधकांनी त्यावरच्या बार्नेकलचा याच कामासाठी अभ्यास केला. दगडाला चिकटून बसणारे, ज्वालामुखीच्या तोंडासारखे दिसणारे बार्नेकल वेगळे. ते भरपूर असतील तर वस्तू किनाऱ्याजवळच्या पाण्यात बराच काळ असावी.

कुठली बाजू भरलेली आहे आणि कुठली मोकळी, हेही महत्त्वाचं. मोकळी बाजू पाण्याच्या वर होती. म्हणजे तुकडा कसा तरंगत होता आणि त्याला वारा किती लागत होता, हे कळतं.

८. फोटो कसे काढायचे?

एक लांबून, भोवतालच्या किनाऱ्यासह. एक प्रत्येक बाजूने. मग कड, जोड, बोल्ट, नळ्या, वायरी, अक्षरं यांचे झूम करून. प्रत्येक फोटोत माप कळेल असं काहीतरी हवं. पट्टी नसेल तर आधी तुमच्या चपलेची लांबी मोजून ठेवा आणि ती वाळूत ठेवा. पुसट खुणा दुपारच्या उन्हात दिसत नाहीत. सकाळी किंवा संध्याकाळी तिरक्या उजेडात त्या उठून दिसतात.

तुकडा वाकलेल्या पत्र्यासारखा असेल आणि अधिकाऱ्यांनी तो निर्धोक ठरवला असेल, तर आणखी एक माप घ्या. एक मीटर लांबीची सरळ काठी आतल्या खोलगट बाजूला आडवी धरा आणि तिच्या मध्यावर काठी व पत्रा यांच्यातली फट मोजा. फट सुमारे ५ सेंटीमीटर आली तर मूळ नळकांड्याचा व्यास ५ मीटरच्या आसपास आणि ७ सेंटीमीटर आली तर ३.६ मीटरच्या आसपास. अमेरिकेच्या फाल्कन ९ रॉकेटचा व्यास ३.७ मीटर, त्याच्या फेअरिंगचा ५.२ मीटर, युरोपच्या एरियान ५ च्या फेअरिंगचा ५.४ मीटर, पीएसएलव्हीच्या फेअरिंगचा ३.२ मीटर. या एका मापाने कितीतरी रॉकेटं यादीतून बाद होतात, म्हणून माझा त्यावर फार भर असतो. फक्त दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण फुटलेला पत्रा कधी कधी सपाट होतो आणि फेअरिंगचं टोक मुळातच निमुळतं असतं.

९. त्यावर झेंडा आहे. मग त्या देशाचंच रॉकेट ना?

बहुतेकदा हो, पण झेंडा आणि बोधचिन्ह यांत फरक करा. फेअरिंगवर उपग्रहाच्या मालकांची आणि भागीदारांचीही चिन्हं रंगवतात. २०१४ मध्ये ब्राझीलच्या सालिनोपोलिसजवळ मच्छीमारांना जो तुकडा मिळाला त्यावर ब्रिटनच्या अवकाश संस्थेचं चिन्ह होतं. रॉकेट मात्र युरोपचं एरियान ५ होतं आणि ते जुलै २०१३ मध्ये फ्रेंच गयानातून उडालं होतं. शेजारी एरियानस्पेसचं, म्हणजे हे रॉकेट उडवणाऱ्या कंपनीचं चिन्ह होतं म्हणून उलगडा झाला.

१०. चिन्ह नाही, नुसते आकडे आहेत. त्याचा काही उपयोग?

चिन्हापेक्षा जास्त. चिन्ह रॉकेट सांगतं, आकडा नेमकं उड्डाण सांगू शकतो. मार्च २०१३ मध्ये अटलांटिकच्या तळातून, चार किलोमीटरहून जास्त खोलीवरून, माणसांना चंद्राकडे नेणाऱ्या सॅटर्न ५ रॉकेटच्या इंजिनांचे भाग वर काढले गेले. ते कुठल्या मोहिमेचे, हे कळत नव्हतं. साफसफाई करणाऱ्या तज्ज्ञाला विशेष प्रकाशात एका भागावर काळ्या रंगातला पुसट आकडा दिसला: २०४४. त्या एका आकड्यावरून ते अपोलो ११ चं इंजिन ठरलं. चव्वेचाळीस वर्षं खाऱ्या पाण्यात राहूनही रंग टिकला होता. म्हणून पुसट दिसणाऱ्या जागेचाही फोटो घ्या आणि ती जागा घासू नका.

नुसत्या वायरीच्या जोडावरचा किंवा बोल्टवरचा आकडा फारसं सांगत नाही. असे सुटे भाग कितीतरी यंत्रांत वापरले जातात.

११. नेमकं कुठल्या उड्डाणाचं, हे शेवटी ठरतं कसं?

खुणा, माप, तरंगण्याचा काळ आणि समुद्राचे प्रवाह एकमेकांशी ताडून. घाई केली की चूक होते. नोव्हेंबर २०१५ मध्ये इंग्लंडच्या नैर्ऋत्येला सिली बेटांजवळ सुमारे १० मीटर लांब आणि ४ मीटर रुंद असा धातूचा पत्रा तरंगताना मिळाला. त्यावर अमेरिकेचा झेंडा होता. त्याच वर्षी २८ जूनला फाल्कन ९ चं एक रॉकेट उड्डाणात फुटलं होतं, म्हणून सगळ्यांनी तेच नाव घेतलं. नंतर पत्र्यावरच्या खुणांच्या जागा जुन्या उड्डाणांच्या फोटोंशी जुळवल्या गेल्या आणि तो सप्टेंबर २०१४ च्या, व्यवस्थित पार पडलेल्या उड्डाणाचा असावा असं मत पुढे आलं. म्हणजे फ्लोरिडापासून वर्षाहून जास्त प्रवास. गाजलेला अपघात डोक्यात ताजा असतो, म्हणून हात आधी त्याच्याकडे जातो. यशस्वी उड्डाणांचे टप्पेही समुद्रातच पडतात.

१२. तुकडा जळलेला, काळवंडलेला नाही. मग अवकाशातून कसा आला असेल?

तो कक्षेत गेलाच नसेल. फेअरिंग आणि खालचे टप्पे कक्षेचा वेग गाठण्याआधीच सुटतात. त्यामुळे परतताना ते तेवढे तापत नाहीत आणि रंगही शाबूत राहू शकतो. वितळलेल्या धातूचे ओघळ दिसले तर मात्र तुकडा बहुधा कक्षेतून आलेला आहे.

१३. काळ्या षटकोनी फरशा वाहून आल्यात. त्या कसल्या?

स्पेसएक्स या अमेरिकन कंपनीच्या स्टारशिप यानाच्या उष्णतारोधक फरशा असू शकतात. १६ जानेवारी २०२५ च्या चाचणीत ते यान फुटलं आणि टर्क्स अँड कैकोस बेटांच्या किनाऱ्यांवर अशा फरशा लागल्या. वरून काचेसारखा काळा थर, फुटल्यावर आत पांढरा, तंतुमय, खूप हलका गाभा. मोडून बघू नका, ती धूळ श्वासात जाता कामा नये.

१४. मला सापडलं म्हणजे माझंच झालं ना?

नाही. १९६७ च्या बाह्य अवकाश करारानुसार अवकाशात पाठवलेल्या वस्तूवरची आणि तिच्या भागांवरची मालकी ती पृथ्वीवर परत आल्याने बदलत नाही. १९६८ च्या बचाव करारानुसार ज्या देशाला अशी वस्तू सापडते तो प्रक्षेपण करणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवतो. मागितली तर ती परत करायची असते. त्याचा खर्च प्रक्षेपण करणाऱ्याने सोसायचा असतो आणि वस्तू आपलीच आहे हे पटवणारा तपशीलही मागितल्यास त्यानेच द्यायचा असतो. मूळ देशाने ती मागितली नाही तर कधी कधी ती स्थानिक संग्रहालयात जाते. तुम्हाला ती जवळ ठेवायची इच्छा असेल तर कळवतानाच तसं लिहून द्या.

१५. तुकड्यामुळे माझ्या बोटीचं किंवा जाळ्यांचं नुकसान झालं तर?

१९७२ च्या दायित्व करारानुसार पृथ्वीच्या पृष्ठभागावर झालेल्या नुकसानीची जबाबदारी प्रक्षेपण करणाऱ्या देशावर येते आणि त्यासाठी त्याची चूक सिद्ध करावी लागत नाही. या कराराखालचा दावा मात्र तुम्ही स्वतः करू शकत नाही, तुमचं सरकार करतं. सोव्हिएत संघाचा कॉसमॉस ९५४ हा अणुभट्टी असलेला उपग्रह जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात कोसळला, तेव्हा कॅनडाने असाच दावा लावला आणि शेवटी ३० लाख कॅनेडियन डॉलरांवर तडजोड झाली. नुकसानीचे फोटो आणि तारखा जपून ठेवा, कारण तुकडा कुणाचा हे ठरल्याशिवाय पुढे काही हलत नाही. किरणोत्सर्गाची भीती वाटून विचारणाऱ्यांसाठी: किनाऱ्याला लागणाऱ्या नेहमीच्या टप्प्यांत आणि फेअरिंगमध्ये अणुभट्टी नसते.

१६. गेल्या कित्येक महिन्यांत कुठे उड्डाण नाही. तरी तुकडा रॉकेटचा असू शकतो?

हो. अमेरिकेचं चॅलेंजर हे अवकाशयान २८ जानेवारी १९८६ ला उड्डाणात फुटून कोसळलं आणि त्याचे दोन मोठे भाग डिसेंबर १९९६ मध्ये फ्लोरिडाच्या कोको बीचवर आले, जवळपास अकरा वर्षांनी. तळाच्या वाळूत गाडलेली वस्तू वादळाने उघडी पडते आणि मग किनाऱ्याकडे सरकते. अशा तुकड्यांवर देठाचे बार्नेकल नसतात, कारण ते तरंगत आलेले नसतात. म्हणून प्रश्न ७ मधला हिशेब इथे लागू करू नका.

१७. मी हे वाचायच्या आधीच तुकडा घरी आणला आणि धुऊनही टाकला. आता?

तुकडा राहत्या खोलीतून बाहेर, उघड्या हवेत आणि सावलीत ठेवा, आणि कळवा. कळवायला उशीर झाला म्हणून संकोच करू नका. कापू नका, भोक पाडू नका, नळी किंवा झडप उघडू नका. धुतलेल्या तुकड्यातही बोल्टच्या भोकांत, जाळीच्या घरांत आणि पत्र्याच्या दुमडीत बार्नेकलची पिल्लं आणि शिंपल्यांचे तुकडे राहून जातात. तिथे पुन्हा ब्रश घालू नका. धुण्याआधीचा एखादा फोटो, अगदी शेजाऱ्याने सहज काढलेला का असेना, मिळतो का ते विचारा. तुकडा नेमका कुठे आणि कुठल्या दिवशी मिळाला, भरती किती वर आली होती आणि वारा कुठून होता, हे आठवतंय तोवर कागदावर लिहून ठेवा.